बर्फाचा कारखाना आणि साठ नॅनोसेकंद

हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात तीन वर्षांपूर्वी मी नोंदी ठेवणारा एक छोटा बोर्ड बसवून दिला. ब्राइनच्या (बर्फ गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या) टाकीचे तापमान, अमोनिया कॉम्प्रेसरच्या सक्शन आणि डिस्चार्ज बाजूंचे दाब आणि विजेच्या मीटरचे आकडे तो दर मिनिटाला टिपतो आणि बॅटरीवर तग धरणाऱ्या स्टॅटिक रॅममध्ये साठवतो. किनाऱ्यावर वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि ती गेली त्या क्षणी टाकी किती थंड होती हेच कारखान्याच्या मालकांना सर्वांत आधी हवे असते. म्हणून बॅटरीची रॅम. पहिले दोन उन्हाळे बोर्डाने बिनतक्रार काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या मध्यापासून, दुपारच्या अहवालात अशक्य आकडे दिसू लागले. उणे नऊ अंशांवर स्थिर असलेली टाकी मध्येच एका मिनिटासाठी अधिक पन्नास अंशांवर जाऊन परत येत असे.

मालकांना गावात सगळे भाई म्हणतात, मीही तसेच म्हणतो. त्यांचे निदान तयार होते. "साहेब, खारी हवा आहे. इथे लोखंडाचा दरवाजा तीन वर्षं टिकत नाही, तुमचा बोर्ड कसा टिकेल?" हे निदान मलाही पटले, कारण कोकणात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणाऱ्या कोणालाही ते आधी सुचते आणि पुष्कळदा खरेही निघते. मी कनेक्टर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, बॅटरी बदलली, बोर्डावर संरक्षक लेपाचा आणखी एक थर दिला. चुका जशाच्या तशा राहिल्या.

मग चुकांच्या वेळा कागदावर मांडल्या, तेव्हा माझा खाऱ्या हवेवरचा विश्वास डळमळला. मिठाचा पातळ थर वीज वाहून नेतो तो ओलसर झाल्यावर. समुद्रकाठी हवेतील सापेक्ष आर्द्रता रात्री आणि पहाटे वाढते, दुपारी कमी होते. म्हणजे दोष मिठाचा असता तर चुका पहाटे दिसायला हव्या होत्या. त्या तर दुपारी एक ते चार या वेळेतच दाटून आल्या होत्या आणि रात्री एकही नव्हती. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की दुपारी तीन वाजता चुकीची वाचली गेलेली नोंद रात्री दहा वाजता पुन्हा वाचली की अचूक येत असे आणि तिची चेकसमही (नोंद शाबूत आहे का ते पडताळणारी बेरीजही) जुळत असे. साठवलेला मजकूर शाबूत होता. चूक साठवण्यात नव्हती, वाचण्यात होती. भाईंना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे यंत्रालाही ऊन लागतं म्हणा की." शास्त्रीय भाषेत मला यापेक्षा फारसे वेगळे काही सांगता आले नसते.

पुढे जाण्याआधी या बोर्डाची ओळख करून देतो. त्यावर सॅमसंगचा एस३सी२४४० हा जुना प्रोसेसर आहे. त्यात एआरएम९२०टी हा गाभा असून तो ४०० मेगाहर्ट्झवर आणि त्याची मेमरी-बस १०० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे बसचा एक क्लॉक १० नॅनोसेकंदांचा. बाहेरच्या मेमरीसाठी आणि इतर चिपसाठी या प्रोसेसरने पत्त्यांचे आठ कप्पे केले आहेत, प्रत्येक १२८ मेगाबाइटचा, आणि त्यांना बँक म्हणतात. शून्य ते पाच या बँकांवर रॉम, स्टॅटिक रॅम किंवा त्यांच्यासारख्या वागणाऱ्या चिप लावता येतात, सहा आणि सात या बँकांवर त्यांखेरीज एसडीरॅमही, म्हणजे सतत ताजी करावी लागणारी रॅमही, चालते. कोणत्या बँकेवर किती रुंदीची चिप आहे आणि ती किती मंद आहे हे प्रोसेसरला आपण सांगायचे असते, आणि ते सांगण्यासाठी हेक्साडेसिमल (सोळाच्या आधाराच्या) ४८०००००० या पत्त्यापासून ओळीने तेरा रजिस्टरे, म्हणजे आकडा लिहून प्रोसेसरची वागणूक ठरवण्याच्या जागा, आहेत. पहिले बीडब्ल्यूएसकॉन रुंदीचे. त्यानंतर प्रत्येक बँकेच्या वेळेचे एक, अशी आठ बँककॉन. मग एसडीरॅमच्या रिफ्रेशचे, बँकेच्या आकाराचे आणि एसडीरॅमच्या मोडची दोन. माझ्या बोर्डावर शून्य बँकेवर १६ बिटांची नॉर फ्लॅश (प्रोग्रॅम कायम साठवणारी मेमरी) आहे, दोनवर ८ बिटांची ५१२ किलोबाइट स्टॅटिक रॅम, तीनवर चार सिरियल पोर्ट देणारी ८ बिटांची १६सी५५४ जातीची चिप, आणि सहावर १६ बिटांच्या दोन चिप शेजारी लावून केलेली ३२ बिटांची ६४ मेगाबाइट एसडीरॅम.

रुंदीचा विषय आधी घेतो, कारण तीन वर्षांपूर्वी बोर्ड पहिल्यांदा सुरू केला तेव्हा मी त्यातच पडलो होतो. बीडब्ल्यूएसकॉनमध्ये प्रत्येक बँकेच्या वाट्याला चार बिटे येतात आणि त्यांतील खालची दोन रुंदी सांगतात. ००, ०१ आणि १० म्हणजे अनुक्रमे ८, १६ आणि ३२ बिटे. शून्य बँक मात्र याला अपवाद आहे. प्रोसेसर जागा होताच प्रोग्रॅममधली पहिली सूचना तिथूनच उचलतो आणि त्या वेळी रजिस्टर लिहायला कोणीच नसते, म्हणून तिची रुंदी ओएम नावाच्या दोन पिनांवरून ठरते आणि सॉफ्टवेअरला ती फक्त वाचता येते. पिनांची जोडणी चुकली तर हा प्रोसेसर पहिल्याच सूचनेला अडखळतो आणि मग कितीही चांगला कोड लिहिलेला असला तरी उपयोग नसतो.

मी पहिले बीडब्ल्यूएसकॉन दुसऱ्या एका बोर्डाच्या कोडमधून उचलले होते, आणि त्या बोर्डावर दोन क्रमांकाच्या बँकेवर १६ बिटांची चिप होती. या प्रोसेसरचा पत्ता नेहमी बाइटच्या हिशेबात बाहेर येतो. चिप ८ बिटांची असेल तर तिचा ए० प्रोसेसरच्या ए० ला जोडायचा, १६ बिटांची असेल तर ए१ ला, आणि ३२ बिटांच्या रचनेत ए२ ला. माझी जोडणी ८ बिटांसाठी बरोबर होती, पण रजिस्टर १६ सांगत होते. त्यामुळे विषम पत्त्यावरचा बाइट वाचायचा म्हटला की प्रोसेसर डेटाच्या वरच्या आठ तारांकडे पाहत असे, म्हणजे डी८ ते डी१५ कडे, आणि त्या तारा या चिपपर्यंत पोहोचतच नव्हत्या. सम पत्ते नीट चालत, विषम पत्त्यांवर कचरा येई. एक सोडून एक बाइट चुकत असेल तर सोल्डरिंग तपासत बसू नये, आधी रुंदीचे रजिस्टर उघडावे, हे मी तेव्हा शिकलो.

ते शिकायला मला एक आठवडा मात्र लागला, कारण माझी मेमरी-चाचणी सगळे पत्ते ठीक असल्याचे सांगत होती. ही चाचणी प्रत्येक पत्त्यावर एक आकडा लिहून लगेच तोच परत वाचत होती. इथे अशी फसगत होते की कोणाशीही न जोडलेल्या तारेवरही थोडा विद्युतभार काही काळ टिकतो. आपणच नुकताच लिहिलेला आकडा त्या तारांवर रेंगाळत असतो आणि पुढच्याच क्षणी वाचले तर तोच हाती येतो. चिप काढून ठेवली तरी अशी चाचणी पास होऊ शकते. विहिरीत तोंड घालून हाक मारावी, आपलाच आवाज परत यावा आणि खाली कोणीतरी आहे असे समजावे, तसा हा प्रकार आहे. चाचणी लिहायचीच तर एका पत्त्यावर लिहावे, मग दुसऱ्या पत्त्यावर पूर्ण उलट आकडा लिहावा आणि त्यानंतर पहिला वाचावा, म्हणजे तारांवरची जुनी स्मृती पुसली जाते. त्याहून चांगले म्हणजे आधी सगळी मेमरी प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा ठरेल अशा आकड्यांनी भरावी आणि मग पहिल्यापासून वाचत जावे. पत्त्याची एखादी तार तुटलेली किंवा दुसरीला चिकटलेली असेल तर तेही यातच उघडे पडते. आणि हे सगळे करताना त्या बँकेचा पत्ता एमएमयूमध्ये (प्रोसेसरच्या पत्ते सांभाळणाऱ्या भागात) कॅशविना, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीत प्रत न ठेवता, नोंदवलेला आहे ना हे पाहावे, नाहीतर परीक्षा कॅशची होते आणि प्रमाणपत्र मेमरीला मिळते.

रुंदीच्याच संदर्भात सिरियल चिपची एक गोष्ट सांगून टाकतो. ८ बिटांच्या बँकेवरून कोणी ३२ बिटांचा शब्द एकदम मागितला, तर प्रोसेसर तक्रार करत नाही. तो मुकाट्याने लागोपाठ चार वेळा बसवर जातो आणि चार बाइट जोडून देतो. मेमरीच्या बाबतीत ही सोय आहे, पण सिरियल चिपच्या बाबतीत ती घातक ठरते, कारण तिच्या शेजारशेजारच्या पत्त्यांवर वेगवेगळी रजिस्टरे असतात आणि त्यांतील काही नुसती वाचल्यानेच बदलतात. आलेले अक्षर ज्या रजिस्टरमधून घ्यायचे ते वाचले की अक्षर रांगेतून निघून जाते. इंटरप्टचे, म्हणजे चिपने प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताचे, कारण सांगणारे रजिस्टर वाचले की पाठवण्याची जागा मोकळी झाल्याचा इंटरप्ट मिटतो. म्हणजे एकाच रजिस्टरसाठी केलेल्या रुंद वाचनात शेजारच्यांचाही बळी जातो. माझ्या कोडमध्ये एका ठिकाणी पॉइंटर int चा, म्हणजे ३२ बिटांचा होता, तो volatile unsigned char, म्हणजे एका बाइटचा केला आणि कधीमधी हरवणारे इंटरप्ट सापडले. या चुकीचा आणि उन्हाळ्यातल्या चुकांचा काही संबंध नाही, पण रुंदी एकदा रजिस्टरात लिहून टाकली की काम संपले असे मानणाऱ्यांत मी एके काळी होतो, म्हणून ती नोंदवली.

आता वेळेकडे येतो. बँककॉन रजिस्टरात एका वाचनाचे तुकडे पाडलेले आहेत. पत्ता बाहेर पडल्यानंतर चिप सिलेक्ट (चिपला निवडणारा संकेत) खाली येण्यापूर्वी किती क्लॉक थांबायचे ते टीएसीएस सांगते. चिप सिलेक्टनंतर आउटपुट इनेबल (चिपला उत्तर द्यायला सांगणारा संकेत) देण्यापूर्वीचा अवधी टीसीओएस. त्यानंतर प्रत्यक्ष वाचनाचा मुख्य अवधी, टीएसीसी. शेवटी उलट क्रमाने दोन अवधी येतात: आउटपुट इनेबल उठल्यावर चिप सिलेक्ट किती टिकवायचा तो टीसीओएच, आणि चिप सिलेक्ट उठल्यावर पत्ता किती टिकवायचा तो टीसीएएच. टीएसीसीला तीन बिटे आहेत, पण त्यातून मिळणारे पर्याय सलग नाहीत. १, २, ३, ४, ६, ८, १० आणि १४ क्लॉक एवढेच मिळतात, ७ किंवा ९ मागता येत नाही. रीसेटनंतर शून्य ते पाच या बँकांच्या रजिस्टरांत हेक्साडेसिमल ०७०० हा आकडा असतो. त्याचा अर्थ असा की टीएसीसी सर्वांत लांब, १४ क्लॉकचे, आणि बाकी सगळे शून्य.

रीसेटच्या वेळी पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारा भाग) सुरू झालेला नसतो, त्यामुळे माझ्या बोर्डावर प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरच चालत असतो आणि एक क्लॉक ८३ नॅनोसेकंदांचा असतो. तेव्हाचे १४ क्लॉक म्हणजे एक मायक्रोसेकंदाहून अधिक, आणि इतक्या अवधीत कितीही सुस्त चिप उत्तर देते. पीएलएल चढवून बस १०० मेगाहर्ट्झवर नेली की तेच १४ क्लॉक १४० नॅनोसेकंदांचे होतात. आकडा तोच राहतो, त्याचा अर्थ बदलतो. म्हणून वेळेची रजिस्टरे नव्या वेगाच्या हिशेबाने आधी लिहावीत आणि मगच वेग वाढवावा. उलटा क्रम ठेवला तर मधल्या काही सूचना कोणत्या नशिबावर चालतात ते सांगता येत नाही.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत दोन क्रमांकाच्या बँकेच्या रजिस्टरात ते मूळचे ०७०० च होते. मी तिकडे लक्षच दिले नव्हते आणि म्हणून सगळे सुरळीत होते. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात घरी बसून मी सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती तयार केली आणि सुधारणेच्या उत्साहात या रजिस्टरात ०४०० लिहिले. टीएसीसी ६ क्लॉक, म्हणजे ६० नॅनोसेकंद. रॅमच्या चिपवर ७० लिहिलेले मला दिसत होते. पण बोर्ड टेबलावर रात्रभर चालवून पाहिला, एकही चूक आली नाही, आणि मी स्वतःची समजूत घातली की चिप बनवणारे हातचे राखूनच आकडे छापतात. ते राखतात हे खरे आहे. ७० नॅनोसेकंद ही कमाल मर्यादा असते. सर्वांत जास्त तापमानाला, सर्वांत कमी व्होल्टेजला आणि त्या जातीच्या सर्वांत मंद चिपलाही ती पाळता यावी अशा बेताने ती ठरवलेली असते. डिसेंबरातल्या माझ्या खोलीत तीच चिप पन्नासच्या आतबाहेर उत्तर देत असणार. सीमॉस चिप तापली की मंदावते आणि पुरवठ्याचे व्होल्टेज उतरले तरी मंदावते. पत्र्याच्या छपराखाली, कॉम्प्रेसरच्या खोलीतल्या बंद पॅनेलमध्ये मे महिन्याच्या दुपारी मी तापमापक ठेवला तेव्हा तो ५५ अंशांच्या वर गेला. राखीव म्हणून मी जे खाऊन टाकले होते ते त्या दुपारसाठीच ठेवलेले होते.

या सुधारणेतून काय साधले तेही नंतर मोजले, आणि ते लिहायला मला लाज वाटते. अहवाल काढताना पूर्ण ५१२ किलोबाइट एकदा वाचावे लागतात. प्रत्येक बाइटला १४० नॅनोसेकंद धरले तर ७३ मिलिसेकंद होतात, ६० धरले तर ३१. प्रत्येक अहवालावर मी ४२ मिलिसेकंद वाचवले होते, आणि त्यानंतर तो अहवाल सिरियल पोर्टवरून छापखान्याच्या गतीने बाहेर पडायला कित्येक मिनिटे घेत होता.

दोष कुठे आहे याचा अंदाज आला होता, पण पुराव्यासाठी थांबावे लागले. मे अखेरपर्यंत बर्फाला इतकी मागणी असते की बोर्ड तासभरही बंद ठेवू देणे भाईंना परवडण्यासारखे नव्हते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढल्या जातात, लिलाव थांबतो, बर्फाच्या लाद्या कोणी उचलत नाही. कारखान्याची रंगरंगोटी आणि दुरुस्ती याच एकसष्ट दिवसांत होते, आणि माझीही झाली.

एका मित्राकडून ऑसिलोस्कोप आणला, एक प्रोब चिप सिलेक्टवर आणि दुसरा आउटपुट इनेबलवर लावला. दोन्ही बरोबर ६० नॅनोसेकंद खाली राहत होते, म्हणजे प्रोसेसर मी सांगितले तेच इमानाने करत होता. मग पावसाळी हवेत मे महिना निर्माण करायचा होता. केस वाळवण्याच्या यंत्राने नुसत्या रॅमच्या चिपवर गरम हवा सोडली आणि मिनिटभरात चुका सुरू झाल्या. थंड करण्यासाठी वेगळे काही शोधावे लागले नाही. प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बर्फाचा तुकडा बांधून चिपवर टेकवला आणि चुका थांबल्या. चार वेळा तापवले, चार वेळा गारवले, चारही वेळा तेच घडले. बाष्प जमून पाणी बोर्डावर उतरू नये म्हणून पिशवीखाली सुती फडके ठेवले होते. हे कोणी करून पाहणार असेल तर त्याने तेवढे विसरू नये. कारखान्यातले जुने ऑपरेटर काका शेजारी उभे राहून हे पाहत होते. बर्फाचा असा उपयोग चाळीस वर्षांत पाहिला नाही, एवढेच ते म्हणाले.

चुकलेल्या बाइटांची रीतही आता उलगडली. बहुतेक वेळा एकच बिट चुकलेले असे आणि ते आधीच्या बाइटमध्ये जसे होते तसेच राहिलेले असे. उदाहरणार्थ, आधीचा बाइट २५५, म्हणजे सगळी बिटे एक. नंतर यायला हवा होता १६६ आणि आला १७४, दोहोंत फरक फक्त डी३ चा. बाकी सात तारांवर नवे उत्तर पोहोचले होते आणि आठवीवर जुनेच होते तेवढ्यात प्रोसेसरने छायाचित्र टिपले. अर्धवट शिजलेल्या भातात काही शिते मऊ आणि काही टणक लागतात, तसे. दोष बेभरवशाचा वाटत होता, पण त्यात यदृच्छेचा भाग फार थोडा होता. मंद तार ठरलेली होती, तिला उशीर किती होतो ते तापमान ठरवत होते, आणि चूक दिसायची की नाही ते आधीच्या बाइटवर अवलंबून होते. माझी टेबलावरची चाचणी सगळीकडे एकच आकडा भरून तोच वाचत होती, त्यामुळे उशिरा येणारे बिटही जुन्याच किमतीचे असे आणि चूक कधीच दिसली नसती.

हिशेब मग डिसेंबरातच करायला हवा होता तसा केला. चिपचा पत्त्यापासून उत्तरापर्यंतचा कमाल अवधी ७० नॅनोसेकंद. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये बफर (संकेत पुढे नेणाऱ्या मधल्या चिप) आहेत. पत्ता जाताना एक लागतो, डेटा येताना दुसरा, प्रत्येकी कमाल ५ धरले तर १० झाले. प्रोसेसरच्या बाजूला पत्ता बाहेर पडायला लागणारा वेळ आणि डेटा टिपण्यापूर्वी तो स्थिर असण्याची अट, या दोन्हींसाठी आणखी १० धरले. तांब्याच्या पट्ट्यांचा विचार केला तर सर्किट बोर्डावर संकेत एका नॅनोसेकंदात साधारण पंधरा सेंटिमीटर जातो आणि माझी सर्वांत लांब पट्टी त्याहून आखूड आहे, म्हणून १ पुरे. बेरीज ९१. टीएसीसी ८ घेतले तर ८० नॅनोसेकंद होतात आणि ते कमी पडतात, ९ मिळत नाही, म्हणून १०. त्यापुढे एक क्लॉक टीएसीएसला दिला, म्हणजे चिप सिलेक्ट खाली येण्यापूर्वी पत्ता स्थिर होईल. शेवटचे दोन अवधीही एकेक क्लॉकचे ठेवले. वाचनासाठी त्यांची फारशी गरज नसते, पण लिहिताना पत्ता चिप सिलेक्टच्या आधी हलला तर शेजारच्या पत्त्यावर ओरखडा उठू शकतो, आणि बॅटरीवर वर्षानुवर्षे जपायच्या मेमरीत मला तो धोका नको होता. हे सगळे रजिस्टरात बसवले की आकडा येतो हेक्साडेसिमल २६५०. ऑसिलोस्कोपवर चिप सिलेक्ट आता शंभराहून थोडा अधिक काळ खाली दिसू लागला. केस वाळवण्याचे यंत्र अर्धा तास रोखून धरले तरी एकही चूक आली नाही. तापमापक ७० अंशांशी पोहोचला तेव्हा मी थांबलो, कारण त्या चिपची हमी तिथेच संपते आणि त्यापुढे मिळालेल्या यशाचा मला काही उपयोग नव्हता.

सिरियल चिपच्या बँकेचाही याच पद्धतीने हिशेब केला आणि तिथे मूळचे ०७०० च ठेवले. ९६०० बॉडवर बोलणाऱ्या मीटरसाठी बस घाईत ठेवण्याचे काही कारण नाही. वेट पिनचा पर्यायही याच रजिस्टरांच्या आधाराने मिळतो, ज्यात चिप स्वतःच अजून थांबा असे प्रोसेसरला सांगते. तो वापरायचा असेल तर टीएसीसी किमान ४ क्लॉक ठेवावे लागते. वापरायचा नसेल तर त्या बँकेसाठी तो बंद आहे हे पाहून घ्यावे, कारण चालू ठेवून पिन वाऱ्यावर सोडली तर प्रोसेसर एखाद्या वाचनात कायमचा अडकून बसतो.

दुरुस्तीला बसलोच होतो म्हणून बाकी रजिस्टरांकडेही पाहिले, आणि रिफ्रेशच्या रजिस्टरात आणखी एक उसनवारी सापडली. एसडीरॅममधला प्रत्येक बिट इवल्याशा धारित्रावरचा विद्युतभार असतो आणि तो गळत असतो, म्हणून माझ्या चिपच्या ८१९२ ओळी ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी ताज्या कराव्या लागतात. भागाकार केला की दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक रिफ्रेश येतो. या प्रोसेसरला तो अवधी थेट सांगता येत नाही. २०४९ मधून अवधी आणि बसच्या वेगाचा गुणाकार वजा करून जे उरते ते लिहायचे असते. १०० मेगाहर्ट्झला ७.८ मायक्रोसेकंद म्हणजे ७८० क्लॉक, २०४९ मधून ७८० गेले, उरले १२६९. माझ्या कोडमध्ये मात्र १११३ होते. हा आकडा जुन्या नमुना कोडमधला, ६० मेगाहर्ट्झची बस आणि १५.६ मायक्रोसेकंदांचा अवधी धरून काढलेला आणि ४०९६ ओळींच्या एसडीरॅमला शोभणारा. त्या बोर्डावर तो अगदी बरोबर होता. माझ्या बोर्डावर त्याचा अर्थ ९.३६ मायक्रोसेकंद होत होता आणि सगळ्या ओळींची एक फेरी ६४ ऐवजी जवळजवळ ७७ मिलिसेकंदांत पुरी होत होती. तीन वर्षे यामुळे काहीच बिघडले नव्हते, कारण बहुतेक धारित्रे त्याहून कितीतरी अधिक काळ भार धरून ठेवतात. पण उष्णतेने ही गळतीही वाढते. बिघडलेले काही दिसत नसताना दुरुस्त केलेली ही एकच गोष्ट, आणि या सगळ्या कामात मला खरे समाधान त्यानेच दिले.

नव्या कोडमध्ये प्रत्येक आकड्याच्या वर तो कसा काढला ते मराठीतच टिपणीत लिहून ठेवले आहे: बसचा वेग, चिपची कमाल, बफरांचा वाटा, बेरीज आणि त्यातून निघालेले क्लॉक. आकडा एकटा ठेवला की तो पुढे कोणीतरी उचलतो, आणि माझ्या बाबतीत तो उचलणारा बहुधा मीच असतो.

ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरल्या आणि कारखाना सुरू झाला. बोर्ड नीट चालला. नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात भाईंचा फोन आला की विजेच्या मीटरचे आकडे येणे बंद झाले आहे. मी ऑसिलोस्कोप, लॅपटॉप आणि चार पाने हिशेब घेऊन हर्णैला पोहोचलो, सिरियल चिपच्या रजिस्टरांचे आकडे वाचून पाहिले, ते बरोबर होते. मग ऑपरेटर काकांनी मीटरच्या बाजूचा कनेक्टर उपटून माझ्यासमोर धरला. त्याच्या दोन पिना हिरव्यागार झाल्या होत्या. भाई काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चहा मागवला.